पत्ता : छावणीजवळ

"साहेब, लोहचुंबकाला पासपोर्ट लागतो का?"

शाळेच्या हॉलमध्ये चारशे पोरी, वर पंख्यांचा खडखडाट आणि मधोमध मी उभी, हातात माईक. माझाच आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा मला वाटलं, ही कोण बया बोलली?

पैज नाझनीनची होती. आदल्या दिवसापासून ती मागच्या बाकावरून डिवचत होती. "तू क्या पूछती गे! तू तो 'धन्यवाद साहेब' बोल के बैठ जाती." बाकीच्यांनी लगेच री ओढली. कस्तुराबाईंना (मला आजीचं नाव ठेवलंय, त्यामुळे 'बाई' फुकटात मिळते) फक्त कागदावर बोलता येतं, तोंडानं नाही, असं वर्गात ठरून गेलं. मी म्हटलं, सांगा, काय विचारू? चुंबकाचं रडगाणं माझ्या घरी चार महिने चालू होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. नाझनीननं त्याला टोक काढून माझ्या हातात दिलं. विचारलं तर ती हरली, नाही विचारलं तर गुरुवारच्या बाजारात सगळ्यांना माझ्याकडून भेळ.

पाहुणे दिल्लीहून आलेले. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पण आता परराष्ट्र धोरणावर सरकारला सल्ला देणाऱ्या कुठल्याशा समितीत होते. 'जगाच्या नकाशावर नवा भारत' या निबंधात मी जिल्ह्यात पहिली आले होते, म्हणून पहिल्या रांगेत बसायचा मान मला. भाषणात त्यांनी माझ्या निबंधातलं पहिलंच वाक्य वाचून दाखवलं: 'भारत आता कुणापुढे मान तुकवत नाही.' टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मी खुर्चीवरून दोन बोटं वर उचलली गेले. आणि मग प्रश्नोत्तरं.

त्यांचं उत्तर सांगतेच. पण आधी चुंबकाचं सांगायला हवं, नाहीतर मी उगाच आगाऊ वाटेन. आगाऊ मी आहेच, पण उगाच नाही.

माझी आई, बानाबाई, वाळूजला कामाला जायची. आम्ही पडेगावला राहतो. सकाळी साडेसहाला नाक्यावर कंपनीची गाडी यायची. वाळूजला काकासाहेबांचा छोटा कारखाना आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या चाकात मोटर असते, तिच्या लोखंडी कड्याला आतून चुंबकाचे तुकडे चिकटवायचे, एवढंच काम. बारा बाया हेच करायच्या. तुकडा बोटाच्या पेराएवढा, पण दोन तुकडे जवळ आले की मधल्या बोटाचं वाटोळं. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम निळं. आत जाताना साडीची पिन, केसांचा आकडा, सगळं गेटवर काढून ठेवायचं आणि केस दोऱ्यानं बांधायचे. प्रत्येक तुकड्यावर रंगाचा ठिपका असतो, त्यावरून उत्तर कुठली नि दक्षिण कुठली ते कळतं. एक उत्तर, एक दक्षिण, असं आलटून पालटून लावायचं. आई म्हणायची, "दोन उत्तर शेजारी बसवून बघ, कशी ढकलत्यात. तुझा बाप अन् मी, दोघं बी उत्तर!" आणि पपा तिकडून ओरडायचे, "मी ढकललं व्हय? तूच ढकलती!"

पाडव्यानंतर आईला निळी टोपी मिळाली. निळी टोपी म्हणजे लाइन लीडर. बाकीच्या अकरा जणी तिच्या हाताखाली. आमच्या घराण्यात आजवर हाताखाली कुणी होतं ते फक्त मेंढरं. आईनं ती टोपी घरी आणून आप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना दाखवली. आप्पांनी ती उलटीसुलटी करून पाहिली नि म्हणाले, "फेट्यावानी नाय, पर चांगली हाय."

ही टोपी जेमतेम दोन महिने टिकली.

झालं असं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनच्या मालावर जकात वाढवली. चीननं उलट चुंबकं अडवली, कारण जगातली बहुतेक चुंबकं तिथंच बनतात. म्हणाले, पाहिजे असतील तर लिहून द्या, की ही चुंबकं तोफेत, विमानात, क्षेपणास्त्रात जाणार नाहीत. त्यात सरहद्दीवरच्या मारामारीपासून आमचं नि त्यांचं पाच वर्षं धड बोलणं नाही. म्हणजे भांडण त्या दोघांचं, अबोला आमचा, आणि कागद भरायचा काकासाहेबांनी.

काकासाहेब देवगाव रंगारीचे. मक्याच्या शेतातून थेट कारखानदारीत आले. मशीनचा आवाज ऐकून ते कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात, पण इंग्रजी कागद दिसला की त्यांना ढेकर यायला लागतात. आई म्हणाली, "भाऊ, माझी कस्तुरा भरंल की. इंग्रजीत पंच्याण्णव हायेत तिला." आणि तो अर्ज आमच्या घरी आला. नऊ पानं. मी हात धुवून, नवीन पेन घेऊन बसले. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की तू कोण, तर मी सांगितलं असतं, भारत सरकार.

पहिलाच घोळ आमच्या शहराच्या नावाचा, ते सरकारनं मध्ये बदललेलं. मी काकासाहेबांना फोन करून विचारलं, जुनं नाव लिहू का नवं? ते म्हणाले, "दोन्ही टाक पोरी, तिकडं कुणाला कोणतं ठावं आसंल, काय सांगावं." दुसरा घोळ पत्त्याचा. कारखाना वाळूजला, पण कागदोपत्री नोंद पडेगावच्या त्यांच्या जुन्या शेडवर. तिचा पत्ता आम्ही सगळे एकाच पद्धतीनं सांगतो: छावणीजवळ. रिक्षावाल्याला छावणी म्हटलं की तो कुठंही पोचवतो. छावणी म्हणजे आमच्यासाठी गुरुवारचा बाजार, शेळ्या, चपला, गरम जिलेबी. तिथं खरंच फौज राहते हे आमच्या ध्यानातसुद्धा नसतं.

मी लिहिलं, 'नियर मिलिटरी कँटोन्मेंट'.

नुसतं कँटोन्मेंट लिहिलं असतं तर कदाचित खपलं असतं. मिलिटरी मी पदरचं घातलं. वजन यावं म्हणून. चिनी साहेबाला वाटावं, हा कारखाना ऐऱ्यागैऱ्या गल्लीत नाही. आणि त्याच्या खाली तीनच ओळींवर छापलेलं होतं, हा माल मिलिटरीच्या कामाला जाणार नाही याची हमी. तिथं काकासाहेबांची सही.

सात आठवड्यांनी अर्ज चिनी वकिलातीतून परत आला. सोबत एका ओळीची शंका: अर्जदाराचा लष्कराशी काय संबंध आहे ते स्पष्ट करावं.

काकासाहेब आधी पोट धरून हसले. "आयला, माझा लष्कराशी संबंध? मी तर होमगार्डातून बी पळून आलतो!" मग हसू थांबलं. गोदामात चार दिवसांची चुंबकं उरली होती. त्यांनी आईला बोलावलं. "बानाताई, हे मिलिटरी कुणी घुसडलं?"

आई म्हणाली, "मीच सांगितलं तसं लिवायला. पोरीनं आपलं लिवलं. चूक माझी."

तिला तो शब्द इंग्रजीत वाचताही येत नाही.

हे तिनं मला घरी येऊन सांगितलं, भाकरी थापता थापता, जसं काही मीठ संपलंय असं. मी म्हणाले, "आई, तू कशाला?" ती म्हणाली, "तुझं नाव निघालं आसतं तर उद्या कुणी तुझ्याकडं कागद दिला आसता व्हय?"

चार दिवसांनी लाइन बंद. अकरा जणी घरी, बारावी आई. त्यातली सरूबाई आमच्याच गल्लीत राहते. नळावर तिनं आईचं नवं नाव पाडलं. "काय मिलिटरीवाली, आज परेड नाय का?" बाकीच्या हसायच्या. "आगं सरका, तोफ येतीया!" आई हंडा भरायची, उचलायची, चालू लागायची. टोपी मिळाली तेव्हा याच सरूबाईनं आईच्या डोक्यावरून कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली होती. आता ती नळावर आईच्या आधी नंबर लावायची नि हंडा भरला तरी मुद्दाम नळ सोडायची नाही.

मला कुणी काही म्हणालं नाही. मीही कुणाला काही म्हणाले नाही. मी तेव्हा निबंध लिहीत होते.

निबंधाचं ते वाक्य मी आप्पांना वाचून दाखवलं होतं. कुणापुढे मान तुकवत नाही, ते. आप्पा ओसरीवर लोकर पिंजत होते. म्हणाले, "ग्वाड हाय वाक्य. आमच्या कारभाऱ्याचं बी आसंच हुतं."

कारभारी म्हणजे मेंढरांच्या तांड्याचा म्होरक्या. कुठल्या गावावरून जायचं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, कुणाच्या विहिरीवर पाणी पाजायचं, हे सगळं तो ठरवतो, कारण बोलणी त्यानं करायची असतात. आप्पा तरणे होते तेव्हाची गोष्ट. कन्नडच्या अलीकडं एका गावच्या पाटलानं कारभाऱ्याला आधी रामराम घातला नाही. कारभारी म्हणाला, मग मी बी घालत नाय. पाटील म्हणाला, मग माझी विहीर बी नाय. झालं. सहाशे मेंढरं उन्हातून मागं फिरवली. दुसऱ्या पाण्यापर्यंत दोन दिवस.

"कारभारी घोड्यावर हुता," आप्पा म्हणाले. "त्याचा फेटा सरळ ऱ्हायला. कोकरं मेली."

"किती?"

"मोजली नाय. मोजायला मागं बघावं लागतंय."

मला ती गोष्ट फार आवडली नाही. मागासलेली वाटली. देश म्हणजे काय मेंढरांचा तांडा आहे का, असं मी मनात म्हणाले आणि पुढचा परिच्छेद लिहायला घेतला.

आता हॉलमध्ये परत. प्रश्न विचारून मी माईक छातीशी धरून उभी. पोरी फुसफुस हसल्या, वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले, पण पाहुणे खूश झाले.

"वा! काय धीट मुलगी आहे," ते म्हणाले. "बेटा, चुंबकाला पासपोर्ट नाही लागत, पण कागद लागतो. आपला देश आज ताठ उभा आहे. कुणी डोळे दाखवले तर आपण खाली बघत नाही. याची थोडी किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते. आणि खरं सांगू? यात धोरणाचा दोष नसतो. आपल्याकडचे छोटे छोटे लोक कागदच नीट भरत नाहीत! देश जगाशी बोलतोय आणि आपल्याला अजून आपला पत्ता धड लिहिता येत नाही."

हॉल हसला. चारशे पोरी हसल्या. पाहुण्यांना माझ्याबद्दल काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पत्ता हा शब्द त्यांच्या तोंडात आपला सहज आला. पण माझ्या कानशिलावर तो असा बसला की मला पुढचा प्रश्न सुचेना. सुचायला हवा होता. आणि ज्यांनी कागद बरोबर भरले असतील, त्यांचं काय, असं विचारायला हवं होतं. मी 'धन्यवाद साहेब' म्हणून खाली बसले.

नाझनीन म्हणाली, "जीत गई गे तू!" मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

जाताना पाहुण्यांनी बाईंना सांगितलं, या मुलीला मुंबईला पाठवा. रविवारी शाळकरी मुलांची युवा संसद भरणार होती, त्यात परराष्ट्रमंत्र्याचं काम करायला त्यांना पोरगी हवी होती. तुझं ते वाक्य तिथं मोठ्यानं म्हण, मला म्हणाले. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. शाळेच्या फळ्यावर माझं नाव लागलं, रंगीत खडूनं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शाळा सुटल्यावर मी बाजारातून, जिलेबीच्या वासातून, थेट काकासाहेबांच्या जुन्या शेडवर गेले. दप्तरात नवा अर्ज होता. नेटकॅफेतून छापून आणलेला, नऊच्या नऊ पानं रात्रीतून भरलेला. मिलिटरी नाही, कँटोन्मेंट नाही. पडेगाव, दौलताबाद रोड. बस्स.

काकासाहेब रिकाम्या खोक्यावर बसून चहा पीत होते.

"काका," मी म्हणाले, "ते मिलिटरी मी लिहिलं होतं. आईनं नाही सांगितलं. आईला ठाऊकसुद्धा नव्हतं. हा घ्या नवीन. आता बरोबर आहे."

त्यांनी अर्ज घेतला. पहिलं पान वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय की."

"काय?"

"तुझी आई इंग्रजीत सांगणार व्हय, लिव आसं म्हणून? मी येडा हाय का?" त्यांनी बशीत चहा ओतला आणि बशी माझ्यापुढं सरकवली. "घे. आन् ऐक. माझ्यासंगं आजून चार कारखान्यांनी कागद धाडले हुते. चिकलठाण्याचे दोघं, शेंद्र्याचा एक, एक पुण्याचा. पुण्यावाल्यानं तर वकील लावला. काना-मात्रा चुकलेला नाय. त्यांना काय आलं, सांग."

"परवानगी?"

"काय बी नाय. हो नाय, नाय बी नाय. तिकडं टेबलावर पडून हायेत." ते हसले, पण ते हसणं होमगार्डचं नव्हतं. "पाचांत एकट्याच कागदाला जवाब आला. तुझ्या. मिलिटरी बघून कुणीतरी निदान उघडून तरी वाचला. बाकीचे तर वाचले बी नाय पोरी."

मी बशी हातात धरून तशीच उभी राहिले. चार महिने मी मनात एकच शब्द खोडत होते. तो शब्द खोडला की लाइन चालू होईल, आईच्या डोक्यावर टोपी येईल, नळावरचं हसू बंद होईल, असं मी धरून चालले होते. आणि तो शब्द असो की नसो, काही फरकच पडणार नव्हता. यापेक्षा माझीच चूक असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. चूक दुरुस्त तरी करता येते.

"मग आता?"

"आता काय. आपल्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या स्कूटर कंपनीनं तोड काढली. चुंबक यायला बंदी हाय, मोटरीला नाय. पुढच्या महिन्यापासून आख्खी मोटर तिकडूनच येणार. आत चुंबक बसवून, बंद करून, पॅक."

"कुठून? चीनमधूनच?"

"मंग काय देवगावातून?"

मला ते समजायला वेळ लागला. म्हणजे ज्यांच्याशी आपण बोलत नाही, ज्यांच्यापुढं आपण मान तुकवत नाही, त्यांच्याकडून आधी नुसता तुकडा घेत होतो, आता सबंध मोटर घेणार. त्यांचा धंदा वाढला. त्यांचं अमेरिकेशी, अमेरिकेचं आपल्याशी काय व्हायचं ते होवो. मधल्यामध्ये फक्त ते काम गेलं, जे बारा बाया दोऱ्यानं केस बांधून करत होत्या.

"खोकी उतरवायला दोन गडी लागतील," काकासाहेब म्हणाले. "बायांचं काम उरलं नाय. रविवारी सकाळी समद्यांना गेटवर बोलावलंय. ॲप्रन, टोपी, कार्ड, जमा करायचं. तुझ्या आईला बी सांग." मग म्हणाले, "मी सांगणार व्हतो तिला. माझ्या तोंडून निघंना."

"आणि त्या बाया? त्यांना वाटतंय आईमुळं झालं."

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. "मी कशाला बोलू त्यात? त्यांना कुणावर तरी राग काढायला पायजेल. दिल्लीवर काढतील तर दिल्लीला ऐकू जाणार हाय का? माझ्यावर काढला तर माझ्या गेटवर दगडं. बानाताई सोसती." माझ्या नजरेला नजर न देता ते उठले आणि शेडमध्ये गेले. नवा अर्ज खोक्यावरच राहिला. त्यावर कपाचा ओला गोल उमटला होता.

घरी आले तर सणासारखं वातावरण. पपांनी, सूर्यभान त्यांचं नाव, टेम्पोवरून येताना क्रांती चौकातून माझ्यासाठी चाकांची बॅग आणली होती. आईनं माझी पांढरी ओढणी पाण्यातून काढून नीळ दिली होती. आप्पा बॅगेची चाकं फिरवून बघत होते.

"परराष्ट्रमंत्री आल्या!" पपा म्हणाले. "सांडू टेम्पोवाल्याला सांगितलं मी. तो म्हणतो, मंत्रीण झाल्यावर आमचा टोल माफ करा."

मी आईला रविवारचं सांगितलं. सरळ. मोटरीचं, दोन गड्यांचं, चार न वाचलेल्या कागदांचं. आई ओढणी झटकत होती ती थांबली. मग पुन्हा झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. निळी टोपी कपाटातून काढून तिनं धुतली. जमा करायची तरी स्वच्छ पाहिजे, असं म्हणाली असेल मनात. तोंडानं एवढंच बोलली, "बरं झालं. तुझी मुंबई रविवारीच हाय. तुला बघावं लागायचं नाय."

बॅग ओसरीवर उभी होती. अजून प्लॅस्टिक काढलं नव्हतं.

"आई, मी मुंबईला जाणार नाही," मी म्हणाले.

पपा म्हणाले, "येडी का काय तू?"

"बाईंना उद्या सांगते, दुसरी पोरगी बघा. रविवारी मी तुझ्यासोबत गेटवर येणार. अकरा जणी तिथं एकाच वेळी असतील, नंतर कधी असणार नाहीत. सरूबाईसमोर सांगणार, ते मिलिटरी मी लिहिलं, हिनं नाही. आणि मग ते चार कागदही सांगणार."

"सांगून काय हुणार?" आई म्हणाली. "लाइन चालू हुणार हाय का?"

"नाय."

"मग त्या तुला बोलतील. तोंडाला येईल ते बोलतील. सरू तर सोडणार नाय तुला."

"बोलू दे. मला बोलायला लागल्या तर तुझं तरी थांबंल."

"लोक काय म्हणतील? फळ्यावर नाव लागलंय तुझं."

"फळा मीच पुसते उद्या," मी म्हणाले. "पपा, बॅग परत करून टाका. आई, सकाळी किती वाजता निघायचं ते सांग."